लाल न दिसणारा फोटो

भिंतीवरच्या बायकोच्या फोटोची काल पाहुण्यांनी पुन्हा वाहवा केली. म्हणे, चेहरा कसा उजळलाय! उजळलाय डोंबल. माझ्या जुन्या, भाता उघडून काढायच्या घडीच्या कॅमेऱ्यात तेव्हा लाल उजेड जास्त टिपणारी कृष्णधवल फिल्म होती आणि भिंगापुढे लाल काच. त्यात लाल ते सगळं पांढरं होतं. माझी कला काय ती एवढीच.

फोटो पाहून आई ओरडली होती, "अरे मेल्या, जिवंत आहेस ना तू अजून? मग हिच्या कपाळावरचं कुंकू कुठं गेलं?" सगळे हसले. मी निर्लज्जासारखा फिल्मचं शास्त्र समजावत बसलो.

कुंकवाबरोबर आणखी काय गेलं, ते मी आजवर बोललो नाही. आधीच्या फोटोला ती हलली होती. रोलमधल्या आठांतला एक वाया गेला, म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. गालावर चार बोटं लालभडक उमटली असतानाच मी म्हणालो होतो, "आता हलू नकोस."

काल पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "काढून टाकू का गं तो फोटो?"

कपबशा उचलत ती म्हणाली, "राहू दे की. त्यात तुम्ही किती चांगले दिसता."