सरांची मांडी

आमच्या घरासमोरच्या मैदानावर रोज संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येते. शिकवणाऱ्या सरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, हे माझी मुलगी त्यांच्याकडे शिकली तेव्हा मला कळलं. आज मी कट्ट्यावर बसले होते, तेव्हा कॉलेजातली एक मुलगी गाडी चालवत होती. तिचा शेवटचा दिवस असणार, कारण सरांनी चपला काढून सीटवर चक्क मांडी घातली होती. शेवटच्या दिवशी ते नेहमी असंच बसतात.

"सर, पाय खाली ठेवा ना," ती उघड्या काचेतून ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"उद्या मी नसणारच आहे. आरसा बघ आणि घे वळण."

गाडी जरा अडखळली, मग सावकाश वळली.

माझी मुलगी आता दुसऱ्या शहरात असते. ऑफिसातून घरी जाताना ती गाडीतूनच मला फोन करायची. दिवसभरातलं सगळं सांगायची. मध्येच इंडिकेटरची टिकटिक ऐकू यायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी मीच निक्षून सांगितलं, गाडी चालवताना बोलायचं नाही. तिने ऐकलं. घरी पोचल्यावर मात्र तिला स्वयंपाक असतो, कामं असतात, आणि बोलणं राहून जातं.

मैदान रिकामं झालं. माझ्या मुलीची ऑफिसातून निघायची वेळ झाली होती. फोन गप्प होता. म्हणजे तिचं लक्ष रस्त्यावर आहे, असं मी स्वतःला सांगितलं.