लग्नपत्रिका छापणारे आतोबा आणि हापशातलं शिसं

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराला पाणी खात्याच्या साहेबाने आमच्या गल्लीतल्या शकीलाचाचीला खोटं ठरवलं आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या आतोबांना खुळं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अख्ख्या सोलापुरात त्यांच्याइतका वैताग देणारा पाहुणा नाही. पण ते आम्ही घरच्यांनी म्हणायचं, साहेबाने नव्हे.

आतोबांनी जन्मभर नवी पेठेत लग्नपत्रिका छापल्या. पत्रिका मोबाइलवर गेल्या तशी रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या लेकीने त्यांना नवं काम लावलं. छपाईची जाळीची चौकट तीच, फक्त शाई कार्बनची. बोटभर प्लॅस्टिकच्या पट्टीवर ते काळ्या रेघा छापतात, टोकावर लेक सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थेंब सोडते. पट्टी पाण्यात घालून वीज दिली की पाण्यातलं शिसं त्या कणांवर बसतं. मग वीज उलटी फिरवायची. शिसं सुटतं आणि मोबाइलवर आलेखाची टेकडी उठते. जितकं शिसं, तितकी उंच टेकडी. छापणाऱ्याची खोड अशी की पट्ट्यांच्या प्रत्येक तावावर वर ‘श्री गणेशाय नमः’ हवंच. कोरा माथा त्यांना अशुभ वाटतो.

आता हा माणूस कुणाच्याही घरी पाणी सरळ पीत नाही. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींकडे परतीच्या भेटीला गेलो, तर यांनी ग्लासात पट्टी सोडली आणि म्हणाले, “दोन मिनिटं कुणी बोलू नका, शिसं बसू द्या.” नवरदेवाचे वडील म्हणाले, “आमच्यात शिसं बसत न्हाय हो, पाहुणे बसतात.” सोयरीक तरीही जमली, हे त्या लोकांचं मोठेपण.

हसत होतो आम्ही. मग त्यांनी पट्टी गल्लीच्या हापशाच्या पाण्यात घातली. टेकडी मोबाइलच्या पडद्यात मावेना. तीनदा केलं, तेच. चाचीची दोन वर्षांची नात तेच पाणी पिते.

आमच्या तक्रारीवरून खात्याचा माणूस नमुना घ्यायला आला तेव्हा नेमका नळ आला होता. हापसा मारायला दम लागतो म्हणून त्याने बाटली नळाखाली भरली. चाचीने समोर उभं राहून बघितलं. अहवाल आला: पिण्यास योग्य.

चाचीने हे साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, “आमचा माणूस असं करत न्हाय. उगं काईबी सांगू नका.” मग आतोबांनी पुरावा म्हणून नेलेला पट्ट्यांचा ताव उचलून त्याने कचेरीला वाचून दाखवला. “श्री गणेशाय नमः. मुहूर्त काढून पाणी तपासता व्हय, काका? खूळ लागलं काय? पत्रिकाच छापा की.” कचेरी हसली. आतोबा एवढंच म्हणाले, “पत्रिकेत चूक झाली तर आमी पुन्ना छापून देत होतो, साहेब.”

आता रोज सकाळी आतोबा हापशाच्या दांड्याला दोरी बांधतात आणि दुपारी चाची ती सोडते. “नल चार दिन में आता, भाईसाब. तब तक बच्ची को क्या पिलाऊं?” आतोबा बाजूला सरकतात आणि तिची घागर भरेपर्यंत जमिनीकडे बघत राहतात.

भांडून भांडून फेरतपासणी मिळवली आहे. सोमवारी सकाळी दहाला माणूस येईल. तुम्ही या. त्याची बाटली हापशाखालीच धरली जाते का, ते डोळ्यांनी बघा. आणि येताना नळाची एक घागर भरून आणा.