पंप नंबर चार आणि कांबळे मिस्त्री

कांबळे मिस्त्री नव्या मुलाच्या हातात पाना द्यायच्या आधी खडू द्यायचे. सिमेंटच्या जमिनीवर खडूनं गोल काढायचे, गोलांत आकडे घालायचे आणि मशीनमधून जो नट, जो वायसर, म्हणजे वॉशर, ज्या क्रमानं निघेल तो त्या आकड्यावर ठेवायचा. एवढं करून दिलं की ते स्वतः भिंतीजवळच्या दगडावर जाऊन बसायचे, बिडी पेटवायचे आणि म्हणायचे, "खोलायला अक्कल लागत न्हाई. माकडबी खोलतंय. झाकून दाखव, मग नाव सांग तुजं."

गणपत कांबळे हे आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्याआधी अकरा वर्षे ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. सहा फुटाला दोन इंच कमी, डोक्यावर खाकी टोपी, आणि त्या टोपीत घडी करून ठेवलेले कागद. पावत्या, चिठ्ठ्या, मेमो, सगळं टोपीत.

मी मूळचा रहिमतपूरचा. सत्तर सालानंतरची पहिली दोन-चार वर्षे मी सांगलीत मेकॅनिकल शिकत होतो आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहत होतो. शेवटच्या वर्षाला बसायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कारखान्यात काम केल्याचा दाखला लागे. दाखल्यावर अधिकाऱ्याची सही हवी. पहिली टर्म संपेपर्यंत तो दिला नाही तर परीक्षेचा फॉर्म पुढे जात नसे, म्हणजे वर्ष गेलं. माझ्या वडिलांनी धाकट्या भावाचं कॉलेज माझ्यासाठी एक वर्ष पुढे ढकललं होतं. माझं वर्ष जाणं म्हणजे दोघांचं जाणं होतं.

कॉलेजनं नियम केला, पण जागा कुठं मिळते हे सांगितलं नाही. मी सतरा अर्ज केले. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सातारा. बारा ठिकाणांहून उत्तर आलं नाही, पाच ठिकाणांहून नकार आला. आमच्या वर्गातल्या चौघांनी एकही अर्ज केला नव्हता आणि ते निर्धास्त होते. त्यातला एक, मोहिते, याच साखर कारखान्याच्या एका संचालकांचा भाचा होता. तो मला म्हणाला, "निकम, अर्ज कसले करतोयस? मामा नाही का तुला?"

मला मामा दोन होते. एक पलूसला शेती करत होते आणि दुसरे लष्करात ड्रायव्हर होते.

शेवटी मी अठरावा अर्ज हातात घेऊन त्या कारखान्यात गेलो. हेडक्लार्कनं तो वाचलाही नाही. "ऑफ सिझन आहे. कारखाना बंद. बंद कारखान्यात काय बघणार? सिझनला या," ते म्हणाले. सिझनला कॉलेज चालू असतं, हे मी सांगितलं. "मग तो कॉलेजचा प्रश्न," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

गेटाबाहेर नळ होता. तिथं पाणी पीत असताना मागून आवाज आला, "सही मिळाली न्हाई जनू."

मी वळलो. खाकी टोपीतला एक माणूस हात धुवायला थांबला होता. मी घडलेलं सांगितलं. कारखाना बंद आहे म्हणतात, म्हणालो.

"बंद हाय म्हणूनच ये की रं. चालू कारखाना बघायचा म्हंजे जत्रंतला पाळणा बघायचा. गरागरा फिरतंय येवडंच दिसतंय. आता समदी मशिनं पोट फाडून पडल्यात. आता न्हाई बघायचं तर कवा?"

"पण अर्ज..."

"आर्ज वर जातू, गड्या. काम खाली असतंय. उद्या सातला ये. डबा आण, कँटीन बंद हाय."

ज्या शहाण्या लोकांना मी सतरा पत्रं लिहिली त्यांच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं, किंवा सांगावंसं वाटलं नव्हतं, की या भागातल्या मुलाला शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे उन्हाळ्यातला बंद साखर कारखाना. गाळप संपलं की चार-पाच महिने तिथं प्रत्येक मशीन उघडून, साफ करून, पुन्हा जोडतात. आणि नेमकी तेव्हाच कॉलेजला सुट्टी असते. इतका सरळ मेळ होता, आणि तो एका फिटरला दिसला होता.

मी बेचाळीस दिवस गेलो. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, एकही खाडा नाही. माझ्या वाट्याला रसाचा पंप नंबर चार आला. तो उघडायला मला दीड दिवस लागला आणि जोडायला बारा दिवस. पहिल्यांदा जोडून झाला तेव्हा खडूच्या एका गोलात एक वायसर उरला होता. मी तो हळूच खिशात घातला. मिस्त्री दगडावरून म्हणाले, "घरी न्हेतोस व्हय? आईला दावायला?"

"छोटासाच आहे मिस्त्री, चालून जाईल."

"पंपाला इचारलंस? खोल."

पुन्हा सगळा खोलला. दुसऱ्यांदा वायसर उरला नाही, पण शाफ्ट हातानं फिरेना. मला राग आला आणि मी नट जोरात पिळला. मिस्त्री उठून आले आणि त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. "रागानं नट पिळला की आटे जात्यात. मग तो नटबी ग्येला आन् बोल्टबी ग्येला. जा, पाणी पिऊन ये." तिसऱ्यांदा तो शाफ्ट दोन बोटांनी फिरला. त्यांनी शाबासकी दिली नाही. जॉबकार्ड काढलं, म्हणजे कोणत्या मशीनचं कोणतं काम कुणी केलं हे लिहायचा जाड कागद, आणि त्यावर पेन्सिलीचं टोक जिभेनं ओलं करत लिहिलं: पंप नंबर चार. काम केले, निकम, कॉलेज.

तेव्हा त्या ओळीची किंमत मला कळली नाही.

बेचाळिसाव्या दिवशी मी दाखला मागायला ऑफिसात गेलो. हेडक्लार्क म्हणाले, "तुमचं नाव रजिस्टरला नाही. तुम्हाला आत घेतलं कुणी?" त्यांच्या टेबलावर चार टाइप केलेले दाखले पडले होते. सर्वात वरचा मोहितेचा. 'सहा आठवडे नियमित हजर राहून समाधानकारक प्रशिक्षण घेतले.' मी बेचाळीस दिवस तिथं होतो आणि मोहितेला एकदाही पाहिलं नव्हतं. तो महाबळेश्वरला होता, हे त्यानंच मला पुढं हसत सांगितलं. जो आला तो रजिस्टरला नाही आणि जो आला नाही तो नियमित हजर.

मी चीफ इंजिनिअरांकडे गेलो. ते म्हणाले, "फिटरला मुलं घ्यायचा अधिकार नाही." त्याच आठवड्यात कांबळे मिस्त्रींना मेमो निघाला: अनधिकृत व्यक्तीस कारखान्यात प्रवेश दिल्याबद्दल खुलासा करावा. हेडक्लार्कनं तो मेमो मिस्त्रींच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि बोटानं पुढं सरकवला. मिस्त्रींचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. बाकीच्या कामगारांना कागद हातात मिळत होते, हे मी मोजून पाहिलं होतं. मी तिथं उभा होतो आणि काही बोललो नाही. मला दाखला हवा होता. मिस्त्रींनी कागद उचलला, घडी केली आणि टोपीत घातला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं हे."

"तुज्यामुळं कसं? ह्येंच्या हातानं दुसरं काय हुतंय? कागुद काडत्यात." मग थोडं चालून म्हणाले, "तुजा दाखला मिळंल. मी न्हाई म्हटलंय का?"

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी चार वेळा ऑफिसात जाऊन आलो. कॉलेजात सर म्हणाले, "अधिकाऱ्याची सही आण. फिटरची चिठ्ठी आम्ही धरत नाही." टर्म संपायला सहा दिवस राहिले असताना मी पाचव्यांदा गेलो. कारखान्यात धावपळ होती. तिसऱ्या दिवशी बॉयलर पेटायचा होता, चेअरमनांच्या हस्ते गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायची होती, निमंत्रणं वाटून झाली होती. चीफ इंजिनिअरांच्या टेबलावर सगळी जॉबकार्डं रचलेली होती. सर्व मशिनं दुरुस्त झाल्याची यादी त्या कार्डांसह वर पाठवायची होती. मिस्त्री समोर उभे होते.

"कांबळे, हे निकम कोण?"

"ह्ये काय, दारात उबं हायत."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "हा आपला कामगार आहे?"

"न्हाई."

"मग याचं नाव कार्डावर कसं?"

"काम त्येनं केलं."

"तुमच्या देखरेखीखाली केलं. म्हणजे तुम्हीच केलं. नवं कार्ड घ्या, तुमचं नाव घाला आणि सही करा."

"मी दगडावर बसलो हुतो सायब, बिडी वढत. बसल्याचं लिव्हू काय?"

हेडक्लार्क फाइलीआड हसले. साहेब हसले नाहीत. "एका नावानं काय बिघडतं?"

"मग ऱ्हाऊ द्या की त्येचं." मिस्त्रींचा आवाज चढला नव्हता. "न केलेलं केलं म्हणून सही करायला मला येत न्हाई. ती विद्या हितं वर शिकवत्यात. आमाला खाली कुनी शिकवली न्हाई."

त्या चार दाखल्यांवर सही याच साहेबांची होती.

"तुम्हाला एक मेमो मिळालाय ना?"

"मिळाला की. टोपीत हाय." मग ते म्हणाले, "नाव खोडा म्हणत आसशीला तर खोडतो. तुमची आर्डर. पर मग पंप नंबर चार कुनी उघडलाच न्हाई, आसं हुतंय. आता नव्यानं उघडून झाकायला दोन दिस. आन् चाचणीचा येक."

म्हणजे तीन दिवस. बॉयलर तिसऱ्या दिवशी पेटायचा होता. हा हिशेब साहेबांनाही येत होता. त्यांनी बराच वेळ कार्ड उलटंपालटं केलं, मग हेडक्लार्कना म्हणाले, "यांचं सर्टिफिकेट टाइप करा."

दहा मिनिटांत दाखला तयार झाला. चार महिने जे होत नव्हतं त्याला दहा मिनिटं लागली. त्यात लिहिलं होतं, 'खाली सही करणाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण घेतले.' खाली सही करणाऱ्यांनी मला त्या दिवसापर्यंत दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा हाकलण्यासाठी. कांबळे मिस्त्रींचं नाव कुठंही नव्हतं. माझं वर्ष वाचलं, भावाचं कॉलेज सुरू झालं, आणि मिस्त्रींचा मेमो मात्र कुणी मागं घेतला नाही.

तो मेमो पुढं कामाला आणला गेला. दोन वर्षांनी फोरमनची जागा रिकामी झाली. सगळा कारखाना मिस्त्रींचं नाव घेत होता. ऑफिसनं दोन कारणं दिली: शिक्षण नाही आणि सेवापुस्तकात मेमो आहे. जागा मोहितेला मिळाली. त्याच्या अर्जाला प्रशिक्षणाचा तो दाखला जोडलेला होता.

हे ऐकून मी नोकरीवरून रजा काढून गेलो. मिस्त्रींना म्हणालो, "तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतू की. लय येतू. पर फोरमनला काम तर आलं पायजे का न्हाई? म्हटलं, सायब, खडू घ्या. पंप नंबर चारच दिला त्येला."

"मग?"

"तीन वायसर उरलं. खिशात घातलं न्हाईत पर. तुज्यावानी." ते मिश्कील हसले. "हातात घिऊन आला माज्याकडं. शिकंल त्यो."

मला ते हसू झेपलं नाही आणि आजही झेपत नाही. माझ्यानंतर आठ मुलं मी सांगलीहून त्या गेटवर पाठवली. आठही जण इंजिनिअर झाले, आठांच्याही दाखल्यांवर दुसऱ्याच कुणाची सही. शिकवणारा माणूस एकूण सव्वीस वर्षे फिटर म्हणून राहिला आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाला.

दशक सरता सरता मी साताऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि सुट्टीतल्या मुलांच्या दाखल्यांवर सही करायचं काम माझ्याकडं आलं. मी छापील दाखल्यात एक रकाना वाढवून घेतला: काम कोणाच्या हाताखाली केले. ऑफिसनं हरकत घेतली, मी सोडलं नाही. पहिल्याच दाखल्यावर आमच्या फिटरचं नाव लिहवून घेऊन, सही करून, त्याची कार्बन प्रत घेऊन मी मिस्त्रींच्या गावी गेलो. मला वाटत होतं, काही तरी फेडलं.

ते अंगणात बसले होते, टोपी मांडीवर. डोळ्यांना कमी दिसत होतं, म्हणून प्रत लांब धरून त्यांनी सावकाश वाचली. रकान्यावर बोट ठेवलं. "ह्ये बरं केलंस," म्हणाले. मग विचारलं, "ह्या पोराला काय दिलंतं?"

"कूलिंग वॉटरचा पंप."

"झाकला का त्येनं? चालला का?"

मला माहीत नव्हतं. दाखला टेबलावर आला, रकाना भरलेला होता, मी सही केली. नियमित हजर, समाधानकारक, सगळं त्यात होतं. मी खाली जाऊन पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी कागदाची घडी केली आणि टोपीत ठेवण्याऐवजी मला परत दिली.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, आणि मला ते महिन्यानं कळलं. पण त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी मी सातला कामावर पोचलो, ऑफिसात न जाता खाली गेलो आणि त्या मुलाला, त्याचे अजून काही दिवस उरले होते, बोलावून घेतलं. येताना घरच्या कपाटातून एक खडू घेतला होता.