पुतळ्याला तोंड कुणाचं?

विनायकच्या सलूनातली खुर्ची म्हणजे झोपेचं आजोळ. दुपारची वेळ, गालाला फेस, वर कुरकुरणारा पंखा; भल्याभल्यांची मान कलते. अंबादास काकांची तर वस्तरा लागण्याआधीच कललीय. त्यांच्या घोरण्याला फसून एकदा एसटीच्या ड्रायव्हरनं मागच्या ट्रकला बाजू दिली होती, असं कोळवडीत शपथेवर सांगतात.

आजची दाढी साधीसुधी नाही. बाहत्तरच्या दुष्काळात गावातल्या कॉलेजच्या पोरांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून तलावाचा बांध घातला. त्यांच्या आठवणीसाठी नगरपालिका बांधाखाली बाग करतेय. मधोमध पुतळा: डोक्यावर घमेलं घेतलेला एकटा तरुण. त्या पोरांपैकी हयात उरलेत फक्त काका, म्हणून पुतळ्याला तोंड त्यांचं. शिल्पकार माप घ्यायला येतोच आहे. आठवडाभर काका आरशासमोर हनुवटी वर करून उभे राहतायत.

"हनुवटी खाली घे," कानाशी कुणीतरी म्हणतं. "फेस घमेल्यात पडतोय."

काका डोळे उघडतात. आरसा आहे, पण आरशात बांध आहे, अर्धाच झालेला. पंख्याच्या जागी घार फिरतेय. खुर्चीखाली लाल मुरूम. शेजारी एक लुकडा पोरगा, तोंडाला पंचा गुंडाळलेला. काका त्याच्या हाताकडं बघतात. करंगळी वाकडी.

"कमळ्या!"

कमळाकर डांगे. त्याच्या तिरडीला काकांनीच खांदा दिला होता.

"हळू बोंबल. सरांनी ऐकलं तर दोघांना रांगेतून हाकलतील."

रांग लागलीय खरी. खाणीपासून बांधापर्यंत घमेलं हातोहात सरकतंय. धुळीपायी सगळ्यांचीच तोंडं बांधलेली. भरलेलं घमेलं देताना कमळ्या हमखास काहीतरी चावट बोलतो. समोरचा हसला की मुरूम पायावर.

"काय रे अंब्या, पुतळा होतोय म्हणे तुझा?"

"माझा नाही रे, आपल्या सगळ्यांचा. तोंड तेवढं माझं."

"आणि डोक्यावर घमेलं घेऊन एकटाच कुठं निघालास? बायकोशी भांडून?"

काका हसतात. मुरूम पायावर.

आता रांग बागेतून चाललीय. हिरवळीवर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. पोरं तीही उपटून हातोहात पुढं देतायत. पाटी पोचते तिथं कॉलेजचा व्हरांडा आहे, कढईत पिठलं रटरटतंय. काका तो वास नाकभर ओढून घेतात.

"कमळ्या, जरा पंचा सोड की. तुझा एक फोटो नाही माझ्याकडं. हल्ली आठवायला बसलो की नाक येतं, डोळे येत नाहीत."

"तेव्हा तरी कुठं बघत होतास? पलीकडं कोण, ते हातावरनंच कळायचं ना तुला? सांग, ती कोण?"

"बांगड्या दोऱ्यानं बांधल्यात. सुमन गोरे." काका फार चटकन बोलून जातात.

"बघा लबाड! अन् तो?"

"नखं कुरतडलेली. इस्माईल. त्याच्या पुढं भाजलेल्या अंगठ्याचा गजा." काका रांगेच्या कडेनं चालत सुटतात. एकेक हात, एकेक नाव. एकही चुकत नाही. डोळे वाहतायत, वर फेस.

रांगेच्या टोकाला मात्र एकजण अंतर राखून उभा आहे. तोंड उघडं, गुळगुळीत दाढी, हनुवटी वर, डोक्यावर घमेलं.

"हा कोण रे?" काका विचारतात. "हात अगदी कोरे आहेत ह्याचे. ओळखू येईना."

"आम्हालाही नाही," कमळ्या म्हणतो, आणि भरलेलं घमेलं पुढं करतो. "घे. दोन्ही हातांनी, जड आहे."

काका घेतात. वाकडी करंगळी क्षणभर त्यांच्या बोटांवर टेकते.

"ओ काका! झाली की दाढी."

पंखा कुरकुरतोय. दारात शिल्पकार उभा, हातात टेप. "काका, जरा उजेडाकडं तोंड करा."

काका मांडीवरचे हात उलटे करतात. दोन्ही तळवे लाल मुरमानं माखलेले, मधून घमेल्याच्या काठाचा खोल वळ.

"हे हात हो कुठं भरवलेत?" विनायक चकित होतो. "फरशी तर आत्ताच पुसलीय!"

काका उजेडाकडं पाठ करतात आणि तळवे शिल्पकारापुढं धरतात.

"माप ह्यांचं घ्या. बाकीच्यांचे हात मी सांगतो तसे करा, सगळे, रांगेनं. तोंड कुणाचंच नको."

विनायक ओला टॉवेल घेऊन पुढं येतो. काका हात मागं घेतात.