काशाची वाटी

माझ्या नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही, कारण तो मी नीट पाहिलाच नव्हता. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी खाली पाहत होते आणि त्यानंतरही खालीच पाहत राहिले. स्वभाव बुजरा, त्यात नवी सून. त्यामुळे मला त्यांचे फक्त पाय ठाऊक होते. अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब, आणि करंगळी थंडीने पांघरुणात शिरावी तशी शेजारच्या बोटाखाली शिरून बसलेली.

ते कारकून म्हणून फौजेबरोबर उत्तरेत गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या हातात काशाची वाटी आणि चमचाभर तूप दिले. म्हणाल्या, "त्याचे तळवे घास. लांबचा प्रवास आहे, अंगातली उष्णता उतरू दे."

तळव्याला तूप चोळायचे आणि वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल फिरवायची. हळूहळू तूप काळे पडते, तळवा गार होतो, डोळे जड होतात. घरोघरी करतात. मी थोडीशी वाटी फिरवली असेल, तेवढ्यात ते म्हणाले, "हळू. गुदगुल्या होतात."

ते माझ्याशी एवढेच बोलले.

पुढे फौजेतली माणसे परतली. एकाने सांगितले, नदी उतरताना ते दिसले होते. दुसरा म्हणाला, छे, ते त्याआधीच तापाने मागे राहिले. मेलेले कोणीच पाहिले नव्हते. अशा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असे शास्त्र आहे. तोवर माझे कुंकू राहणार होते, केस राहणार होते, सणाला अंगाला तेल लागणार होते. पुढे यातले काहीच नाही. घरात हे कोणी बोलून दाखवले नाही. मीही कोणाला विचारले नाही.

सासूबाईंची झोप मात्र तेव्हापासून गेली. नारायण पेठेतल्या आमच्या बोळात फरशी होती. तिच्यावर पाऊल वाजले की त्या उठून बसत. पाऊल पुढे गेले की पुन्हा आडव्या होत. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी, तेव्हा आज तो येत नाही हे नक्की व्हायचे. पण तोवर ऐकण्याची इतकी सवय झालेली असे, की तोफेनंतरही त्या ऐकतच राहत.

हळूहळू त्यांचे पाय सुजू लागले. जेवण सुटले. वैद्यांनी काढे दिले, ते मोरीत गेले. मग एका दिवेलागणीला मी आपण होऊन वाटी काढली आणि त्यांच्या पायाशी बसले. त्यांच्या पायांना मी नमस्कार पुष्कळ केले होते. ते हातात कधी घेतले नव्हते. तूप लावताना माझा अंगठा त्यांच्या करंगळीपाशी गेला आणि तिथेच थांबला. करंगळी शेजारच्या बोटाखाली होती.

मी दिव्याकडे पाहिले नाही. डोळ्यांनी खात्री करून घ्यायची मला भीती वाटली. हात फिरवत राहिले. टाचेची गोलाई, घोट्यामागची शीर, बोटांमधल्या खाचा. माजघरात आम्ही दोघीच होतो, आणि माझ्या मांडीवर तिसऱ्याच माणसाचे पाय होते.

सासूबाईंचा श्वास लांब होत गेला. त्या तोफेच्या कितीतरी आधी झोपल्या.

सकाळी उठल्या त्या घाबऱ्या होऊन. "कोणी आलं होतं का गं?"

"नाही."

"तुला काय ठाऊक? तूही झोपली असशील."

त्या संध्याकाळी मी तूप आणले तर त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले. "नको. तुझ्या त्या वाटीने मला गाढ झोप लागते. तो दार वाजवून परत जायचा."

शेजारच्या काकू पायरीवर गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या! लोक झोपेसाठी अफू घेतात. यांना सून फुकट झोपवते, तर त्याचीही तक्रार!"

सासूबाई हसल्या नाहीत. पुढचे काही दिवस त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. सूज पोटऱ्यांवर चढली. मला त्या हातच्या जाताना दिसू लागल्या. शेवटी मी धीर करून म्हटले, "सासूबाई, तुम्ही झोपा. मी ऐकते."

त्यांनी भिंतीची पाठ सोडली. "तोफेपर्यंत?"

"तोफेनंतरही."

त्यांनी पाय पुढे केले.

तेव्हापासून त्या झोपत आणि मी ऐकत असे. रोज तेच पाय मांडीवर घ्यायचे, तळव्यावर हात फिरवायचा, त्यांचा श्वास जड झाला की हळूच खाली ठेवायचे आणि बोळाकडे कान लावायचा. कधी कधी पाऊल अगदी आमच्या दाराशी थांबल्यासारखे वाटे. मी कडी काढून पाहत असे. बाहेर ओली फरशी असायची. मी परत आत वळे, तर ते पाय होतेच, अंथरुणावर, दिव्याच्या उजेडात, उघडे.

पण सासूबाई सुधारल्या, हे खरे. सूज उतरली. भाकरीबरोबर मिरची मागू लागल्या. काकूंना उलट बोलू लागल्या. झोपलेल्या माणसाचे मन कुठे कुठे जाऊन येते कोण जाणे. त्या रोज सकाळी थोड्या हलक्या होऊन उठत. उठल्यावर "कोणी आलं होतं का?" हे विचारणे आधी कमी झाले, मग बंद झाले.

बारा वर्षे पुरी होत आली. त्या वर्षी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुतळ्याचा विषय काढला. पूर्वी एकदा काढला होता तेव्हा सासूबाई ओरडल्या होत्या, "माझ्या पोराला पानांचा करून जाळणार?" आणि मामंजी म्हणाले होते, "पोर असतं तर पानं कशाला आणली असती?" या वेळी त्या ओरडल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "करा. किती दिवस त्याला दारात उभा ठेवायचा?"

मी आत तांदूळ धूत होते. पाणी पांढरे व्हायचे थांबले तरी धूत राहिले. त्यांना हे म्हणण्याइतके बळ माझ्याच हातांनी दिले होते.

पुतळा पळसाचा, डोक्याच्या जागी नारळ. पायांना बोटे करतात का, हे मला विचारायचे होते. विचारले नाही.

आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन गेले. सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"बस. पाय दे."

"सासूबाई, भलतंच काय? मला पाप लागेल."

"लागलं तर मला लागू दे. उद्यापासून तुझ्या अंगाला कोणी तेलाचं बोट लावणार नाही. दे म्हणते ना."

मी पाय दिले. माझ्या आईनंतर मला असा हात कोणी लावला नव्हता. तूप कोमट होते. त्यांची बोटे लांब होती, जोर तळहाताच्या कडेत होता, आणि टाचेवरून वर येताना हात मध्येच क्षणभर रेंगाळत होता. नवऱ्याचे पाय मला ठाऊक होते. हात कसे असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. असे असावेत.

वाटी तळव्याच्या मधोमध आली आणि मला गुदगुल्या झाल्या. शब्द जिभेवर आले, ते नवऱ्याचेच होते. मी ओठ घट्ट दाबले. बोलले असते तर सासूबाईंचा हात थांबला असता.