घर कसं सापडेल?

ऑनलाइन दुकानांसाठी फॉर्म बनवणं हे माझं काम. जुन्या फॉर्ममधल्या 'विंग', 'फ्लॅट नंबर' या रकान्यांपाशी आई हमखास अडायची. आमचं घर बैठं. म्हणून नव्या फॉर्ममध्ये मी पत्त्यासाठी एकच ऐसपैस रकाना ठेवला, 'घर कसं सापडेल?'

आई खुलली. चहाची गाळणी मागवताना तिनं लिहिलं, 'गिरणीच्या बोळात तिसरं घर. दारात अबोली फुललीय. बेल बिघडलीय, सुमनताई म्हणून हाक मारा.'

पत्ता सांगताना माणूस खरं तर 'या' म्हणत असतो, हे रकाने आखता आखता मी विसरूनच गेले होते.

आज सकाळी बोळातून अनोळखी आवाज आला, "सुमनताई, अबोली सापडली."

आई पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर गेली.