जस्त, चुना आणि माझे भासरे

माझ्या भासऱ्यांची भर मांडवात फजिती झाली, ती मी होऊ दिली. आता ते नाहीत आणि मीही किती दिवस आहे कोण जाणे. पण वाईट अजूनही वाटत नाही.

वर्ध्याजवळच्या एका खादीच्या रंगशाळेत मी कामाला होते. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, तिथे मुकादम. निळीच्या पिंपात जस्ताची भुकटी आणि विझवलेला चुना लागायचा. एकदा दोन्ही कोरडेच एका डब्यात राहिले आणि डबा चुलीशेजारी तापला. झाकण उडालं, भक्कन ज्योत येऊन गेली. बाया पळाल्या. मी डबा उचलून वास घेतला. वास कसलाच नव्हता.

मग वर्षभर मी घरी तोच उद्योग केला. एका टोकाला ठोकून बंद केलेली लोखंडी नळी, आत ते मिश्रण, खाली गोवऱ्यांचा विस्तव. दुसऱ्या टोकाची रबरी नळी पाण्याच्या बाटलीतून नेली की वायू थंड व्हायचा. सुरुवातीचा सोडून द्यायचा, त्यात हवा मिसळलेली असते, भडका उडतो. मग फुगा बांधायचा. पहिला फुगा सुटून आढ्याला टेकला तेव्हा सासूबाई ओरडल्या, "अवं, काय करून राह्यली? घरात भूत आणतं का?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणखी एक मागितला.

सेलूला ग्रामोद्योगाचं प्रदर्शन भरणार होतं. भासऱ्यांनी माझी नळी उचलली आणि अर्जात शोध स्वतःच्या नावावर लिहिला. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर येत नाही, बोलत नाही. सांगायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. मी सासूबाईंकडून निरोप धाडला, माझं नाव घाला. ते मला ऐकू जाईल असं अंगणातून म्हणाले, "माय, तिले सांगजो, भासऱ्यापुढं तोंड उघडाची रीत नाई."

म्हटलं, बरं. नाही उघडत.

प्रदर्शनाच्या सकाळी ते चुन्याच्या भट्टीवरून ताजी कळी, म्हणजे न विझवलेला चुना, घेऊन आले. पाण्याचा थेंब न लागलेली. कुटून, गाळून डब्यात भरली. जितका ताजा चुना तितका जास्त वायू, अशी त्यांची समजूत. कळीवर पाणी मारून ती विझवायचं काम बायांचं. मुकादमाने फक्त तयार पांढरी भुकटी पाहिलेली. मी दाराआड उभी होते. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. एक शब्द पुरला असता.

मांडवात ग्रामोद्योगाचे साहेब आले, शाळेचे मास्तर आले. मी बायकांत पदर ओढून बसले. नळी लाल झाली. फुगा जरासा हलला आणि लोंबकळला. विस्तव वाढवला, तरी तसाच. थोरली जाऊ कानाशी लागली, "अवं, काऊन नाई होऊन राह्यलं? सांग ना काही!"

"मोठ्या माणसापुढं कशी बोलू, बाई?"

मास्तरांनी डब्यात ओलं बोट घातलं आणि चटका बसताच काढलं. "चुना विझवला नाही?"

"ताजा हाये, मास्तर. एक नंबर."

"अहो, विझवलेल्या चुन्यात पाणी दडलेलं असतं, त्यातूनच हा हायड्रोजन निघतो. कळीत पाणीच नाही, तर निघणार काय? शोध तुम्हीच लावला ना?"

मांडव हसला. साहेब म्हणाले, उद्या पुन्हा दाखवा.

संध्याकाळी भासरे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि रीत मोडून थेट मलाच विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी पदर ओढला आणि चुलीकडे तोंड केलं. "आत्याबाई, त्याईले सांगा, मालूम होतं. उद्या फुगा उडवाचा असन तर अर्ज नवा लिहा म्हणा. माझ्या नावानं."

सासूबाईंनी शब्दन् शब्द पोचवला. भासऱ्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. मी तो वाचून दाखवायला सांगितलं. वाचला. सासूबाईंना म्हटलं, ऐकू नाही आलं, पुन्हा वाचा म्हणा. भासऱ्यांनी पुन्हा वाचला, माझ्या नावासकट. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.